मंगीस का नाही?

परवा तिसरीतली भाची इंग्रजीची वही घेऊन आली. फूट–फीट, टूथ–टीथ, गूस–गीस असं ओळीनं बरोबर लिहून शेवटी बाईसाहेबांनी मंगूसचं अनेकवचन 'मंगीस' केलं होतं. त्यावर लाल पेनाची आडवी रेघ आणि शेरा: 'अपवाद पाठ कर.'

"मामा, गूसचं गीस होतं ना? मग मंगूसनं काय घोडं मारलंय?"

माझी चिडचिड त्या शेऱ्यावर आहे. मंगूस बिचारा नियमानंच चालतो, मंगूसेस. अपवाद आहे तो गूस! आणि मंगूस वेगळा का, हे मराठी मुलाला सांगायला तर दोन मिनिटंही लागत नाहीत, कारण तो शब्द आपला आहे. आपलं मुंगूस सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत जाऊन बसलं. गूसशी त्याचं नातं स्पेलिंगपुरतं.

मुळात गूसचं गीस होतं कशामुळे? इंग्रजीच्या पूर्वज भाषेत 'पाय'ला साधारण 'फोट' म्हणत आणि अनेकवचनाला शेवटी 'इझ' लागायचा: फोटिझ. आता पुढे 'इ' म्हणायचा आहे म्हटल्यावर जीभ आधीच पुढे सरकायला लागते. त्या ओढीत मधला 'ओ' बदलत बदलत 'ए' झाला. मग शेपटी झडली, बदललेला स्वर तेवढा राहिला. त्या फोट–फेटचे उच्चार शतकानुशतकं सरकत आजचे फूट–फीट झाले. मॅन–मेन, माऊस–माइस सगळी त्याच घरातली. म्हणजे ज्याला आपण 'अनियमित' म्हणून पाठ करतो, तो एके काळी रीतसर नियम होता. 'बुक'सुद्धा त्यातच होतं! ती जोडी टिकली असती, तर आज एक 'बुक' आणि दोन 'बीच' म्हणत बसलो असतो.

रोजच्या तोंडातले शब्द तेवढे जुन्या वळणाचे राहिले, बाकीच्यांना हळूहळू 'एस'नं गाठलं. डोळ्यांना पूर्वी 'आयन' म्हणत, बुटांना 'शून'. त्या 'एन'वाल्या गोतावळ्यातला ऑक्स–ऑक्सन तेवढा धडधाकट उरला. चिल्ड्रनची तर गंमतच. आधी 'चिल्डर' हेच अनेकवचन होतं. लोकांना ते पुरेसं अनेक वाटेना, म्हणून त्यावर आणखी 'एन' चढवला. आपला पिवळा पीतांबर!

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं आणि यातलं अक्षरही कुणी सांगितलं नाही. पाढ्यासारखं घोकायचं. 'फूट्स' म्हणालं की वर्ग हसायचा. जीन बर्को या संशोधक बाईंनी १९५८ साली मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, नाव ठेवलं 'वग'. मग तसे दोन दाखवले. हा शब्द पूर्वी कधीच ऐकलेला नसूनही बहुतेक मुलं 'वग्ज' म्हणाली. म्हणजे 'फूट्स' म्हणणाऱ्या पोराला नियम कळलेला असतो. आणि आमच्या भाचीनं तर त्याच्या पुढची उडी मारली, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा नियम नव्या शब्दाला लावून दाखवला. मी असतो तर अर्धा मार्क दिला असता. असो, मला कोण विचारतंय.

मग तिला म्हटलं, आता मराठीत सांग, एक मुंगूस, दोन?

"मुंगसं."

मधला 'ऊ' कुठे गेला? ती थांबली. माणूस–माणसं पुटपुटून बघितलं. आयुष्यभर बिनचूक बोलत आलेली गोष्ट पहिल्यांदाच दिसल्यासारखा चेहरा झाला. मलाही चेव आला. लाऊस–लाइस झालं होतंच वहीत, म्हटलं, आपल्याकडे ऊ–उवा. सासू–सासवा. जाऊ–जावा. पिसू–पिसवा. बघ कसं एका साच्यातून काढल्यासारखं!

तिनं पेन्सिल चावत विचार केला.

"मामा, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दोन्ही काकू आल्या, की 'काकवा आल्या' म्हणायचं?"

मी म्हटलं, अपवाद आहे, पाठ कर.