युनिट २ न्यू फायनल (१)

परवा रात्री साडेनऊला एका विद्यार्थिनीचा फोन. सत्तरी तालुक्यातली, दुसऱ्या वर्षाची. सकाळी आयएसए, म्हणजे सेमिस्टरमधली अंतर्गत परीक्षा, होती. "टीचर, युनिट दोनाची फायल खंयची वाचूं? थंय तीन आसात." मी भांडी घासत होते. फोन खांद्याशी दाबून सांगून टाकलं, "अगो, शेवटची वाच." पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग हळूच, "शेवटची म्हळ्यार सकयल आसा ती, काय फायनल बरयलां ती?" शेवटची म्हणजे खाली आहे ती, की फायनल लिहिलंय ती?

हात पुसले आणि लॅपटॉप उघडला. कॉलेजच्या मूडलवर, म्हणजे अभ्यासाचं साहित्य ठेवायच्या आमच्या वेबसाइटवर, माझ्याच पेपरच्या पानावर तीन फाइली एकाखाली एक बसलेल्या: 'युनिट२', 'युनिट२ न्यू फायनल (१)' आणि 'युनिट२ न्यू'. तिन्ही माझ्याच हाताने चढवलेल्या. आणि ज्या बाईने त्या केल्या तिलाच तिन्ही उघडून बघितल्याशिवाय उत्तर देता येईना. बरोबर निघाली 'न्यू'. 'फायनल'मध्ये जुन्या अभ्यासक्रमातली एक कथा होती. २०२३-२४ पासून गोव्यात नव्या शैक्षणिक धोरणाची पदवी सुरू झाली आणि दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम येईपर्यंत ती कथा गळली. पोरीने दोन दिवस बसून नेमकी तीच वाचून काढली होती. "बरें, टीचर," म्हणाली आणि फोन ठेवला. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

आम्ही शिक्षक फाइल 'टाकतो'. क्रियापद बघा. 'नोट्स टाकल्यात', 'पीपीटी टाकते संध्याकाळी'. केर टाकावा तशी. सेमिस्टर संपताना फॉर्म येतो, साहित्य ऑनलाइन टाकलंत का? होय. ते कुणाला सापडतं का, असा रकाना त्यात नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की फाइल कुठे, कुठल्या नावाने, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर ठेवायची हे शिकवण्याचंच काम आहे, कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या मुलाचं नव्हे. फळ्यावर लिहिताना आपण जुनं पुसतोच ना? मूडलवर डस्टर हातात घ्यायला मात्र आमचा जीव होत नाही.

मूडलची एक गंमत मला त्या रात्रीनंतर कळली, म्हणजे मुद्दाम शोधून वाचली. पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली पहिली आवृत्ती काढली, तेव्हा दर कोर्सला फाइलींचं एकच सामाईक कपाट असायचं. सगळं तिथे ठेवायचं आणि पानावर नुसता दुवा द्यायचा. २०१० च्या नोव्हेंबरात दुसरी मोठी आवृत्ती आली आणि ते कपाट गेलं. आता फाइल जिथे वापरली त्या जागेचीच होते. आत सर्व्हरवर तिचं आपण दिलेलं नाव नसतंच. मजकुरावरून काढलेला चाळीस चिन्हांचा एक सांकेतिक आकडा हेच तिचं नाव. त्यामुळे तीच फाइल मी पाच वर्गांना पाच वेळा चढवली तरी डिस्कवर एकदाच साठते. काय हुशारी! पण त्यातली एक चूक दुरुस्त करून एका वर्गात नवी फाइल चढवली, की उरलेल्या चार वर्गांत जुनीच राहते, कारण यंत्राच्या लेखी ती आता वेगळीच वस्तू झाली. जागेची उधळमाधळ यंत्राने थांबवली. घोळ घालण्याचं काम अजून आमच्याकडेच आहे.

म्हणून मी आता प्रती वाटायचं सोडलं. मूळ फाइल गुगल ड्राइव्हवर एकाच ठिकाणी ठेवते आणि सगळ्या वर्गांना तिचा दुवा देते. ड्राइव्हमध्ये फाइलीवर राइट क्लिक केलं की 'मॅनेज व्हर्जन्स' म्हणून एक पर्याय मिळतो. तिथून नवी आवृत्ती चढवली की दुवा तोच राहतो आणि आत माल नवा येतो. जुनी आवृत्ती महिनाभर मागे असते, काही बिघडलं तर परत आणता येते. हा पर्याय मला शिकवायला लागून अकराव्या वर्षी सापडला. आधी कुणी सांगितला असता तर 'न्यू फायनल (१)' जन्मालाच आली नसती.

दुव्यांचंही एक दुखणं आहे. आमच्याच क्षेत्रातले एक सर निवृत्त झाले. अतिशय कष्टाने केलेलं साहित्य, नाट्यवाङ्मयाच्या पेपरचं तर सोनं. सगळं त्यांच्या कॉलेजच्या खात्यावर. काही महिन्यांनी खातं बंद झालं आणि पुढच्या वर्षी मुलांनी दुवे दाबले तर काहीच उघडेना. दोष कुणा एकाचा नाही. २०२२ पासून गुगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करून संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली, तेव्हापासून जुनी खाती आवरण्याकडे सगळ्यांचाच कल. पण 'शेअर्ड ड्राइव्ह' नावाचा प्रकार याच्यासाठीच असतो. त्यातली फाइल व्यक्तीच्या नव्हे, गटाच्या मालकीची असते. माणूस गेला तरी फाइल राहते. विभागाने एक करून ठेवायला पाच मिनिटं लागतात. पण 'माझ्या नोट्स' हा शब्द आपल्याकडे इतका जड आहे की ती पाच मिनिटं कुणी काढत नाही. (मीसुद्धा गेल्या वर्षीपर्यंत काढली नव्हती.)

आमच्या आईचं पुरुमेताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, कपाट आठवतं. मे महिन्याच्या अखेरीस सोलं, मिरच्या, मीठ, चिंच, सुकं मासं सगळं भरून ठेवायची. गोव्याच्या पावसात एकदा झड लागली की बाजार कसला! पण तिचं भरणं म्हणजे कोंबणं नव्हे. गेल्या वर्षीची सोलं उरली असली तर ती बरणी पुढे, नवी मागे. प्रत्येक बरणीला सुतळीत अडकवलेली चिठ्ठी. आणि एका जिनसाची एकच बरणी उघडी. दुसरी उघडलेली दिसली की घरात कुणाची तरी शाळा घेतली जायची. आई चौथीपर्यंत शिकलेली. मी पीएचडी, आणि माझ्या कोर्सात एका युनिटच्या तीन बरण्या उघड्या.

नावांचं सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त जीव तिथे जळतो. '१, २, ३' अशी नावं दिली की बऱ्याच ठिकाणी दहावी फाइल पहिलीच्या पाठोपाठ येऊन बसते आणि दुसरी खाली जाते. पुढे शून्य लावून '०१, ०२' केलं की गप्प रांगेत उभ्या राहतात. तारीख घालायची तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. मराठी शिकवते म्हणून फाइलींची नावं देवनागरीतच द्यायची असा माझा हट्ट होता. तो थोडा सैल केलाय. दुव्यात देवनागरीचं एक अक्षर टक्क्यांच्या चिन्हांसकट नऊ चिन्हांचं होतं. 'मराठी कथा' एवढ्याशा नावाची व्हॉट्सॲपवर अशी गिचमिड उतरते की मुलांना वाटतं टीचरचा फोन हॅक झाला. आता फाइलीचं नाव साधं, इंग्रजी अक्षरांत, आणि मूडलच्या पानावर दिसणारं शीर्षक मात्र ठसठशीत मराठीत. ते दोन्ही वेगळं ठेवता येतं हे कित्येकांना ठाऊकच नसतं.

आतला मजकूर हा आणखी वेगळा वनवास. पंधरा-वीस वर्षांपूर्वी टंकलेल्या नोट्स युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात आहेत. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे 'ज्ञान'च्या जागी चिन्हांची रांगोळी उमटते. यावर आम्ही काढलेला उपाय म्हणजे छापून, मोबाइलने फोटो काढून पीडीएफ करणे. माझी अशी एक साठ पानांची फाइल ८० एमबीच्या वर गेली होती. डोंगराआडच्या वाड्यावर नेटवर्कची एक काडी धरून बसलेल्या मुलीला ती उतरवायला सांगणं म्हणजे थट्टाच. २०२० च्या टाळेबंदीत मुलं टेकड्या चढून सिग्नल शोधत होती, तेव्हा आम्ही हळहळलो. फाइली मात्र हलक्या केल्या नाहीत. शिवाय असल्या फोटोत शब्द शोधता येत नाही. माझ्या वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी होता, त्याचा स्क्रीन रीडर त्या साठ पानांवर मुका. ती सगळी पानं मी परत टंकली. आठ मिनिटांत उतरणारी फाइल डोळ्याचं पातं लवायच्या आत उतरायला लागली.

पुस्तकांच्या प्रकरणांबद्दल सहकारी भीत भीत विचारतात, अशा प्रती मुलांना वाटल्या तर चालतं का? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला सूट देतं. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या खटल्यात २०१६ साली तिथल्या उच्च न्यायालयानेही अभ्यासासाठीच्या प्रतींच्या बाजूने कौल दिला. म्हणून अख्खी कादंबरी स्कॅन करून जगाला खुली करावी असं नाही. वर्गापुरतं लागेल तेवढं, वर्गाच्या आत.

रविवारी सकाळपासून बसलेय. दुसऱ्या सेमिस्टरचं आवरलं, चौथ्याचं अर्ध्यावर आहे. गोव्यातल्या इतर कॉलेजांत हाच पेपर शिकवणाऱ्यांनी मेसेज करा, एक सामाईक ड्राइव्ह करूया. माझं युनिट दोन मी आधी ठेवते, एकच. आत्ता 'इतर' नावाचा फोल्डर उघडलाय. त्रेचाळीस फाइली आहेत. त्यातल्या एकीचं नाव आहे 'हे डिलीट करू नको', आणि आत एक कोरं पान.