ओला, सुका आणि आबा

दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा हा घरातला सगळ्यात लहान कचरा आणि सगळ्यात जुना वाद. तो त्रिकोणी तुकडा पूर्ण सुटू द्यायचा नाही, एका बाजूने लटकता ठेवायचा. एकदा सुटला की नखाएवढ्या प्लॅस्टिकला रद्दीवाला विचारत नाही आणि ते सिंकच्या जाळीतून निसटून मुठा नदीच्या दिशेने निघतं. मुलांना हे एकदा सांगितलं की पुरतं. मोठ्यांना पुरत नाही, कारण मोठी माणसं कात्री सापडली नाही की दात वापरतात.

मुलांना पर्यावरणाचं वळण लावणं सोपं आहे हो. वळण लागलेल्या मुलांच्या हाताखाली बाकीच्यांनी नांदायचं, ही खरी परीक्षा.

तर पिशवी. कापल्यावर अर्धा कप पाण्याने खळबळून ते पाणी कुंडीत घालायचं आणि पिशवी ओट्यामागच्या टाइलवर चिकटवायची. ओली असेपर्यंत चिकटून राहते, वाळली की आपली आपण गळून पडते. मुलांना हे बघायला भारी वाटतं, म्हणून हे खातं त्यांच्याकडेच द्यावं. स्वयंपाकघराला त्यामुळे काय कळा येते, हे पाहुण्यांना विचारू नये. न धुता सुक्यात टाकलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते, तिसऱ्या दिवशी मुंग्या बोलावते आणि शेजारची चांगली रद्दीही वाया घालवते. शिवाय तो डबा हाताने निवडणारी 'स्वच्छ'ची, म्हणजे पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची, ताई असते आणि सुक्या मालाच्या विक्रीवर तिची कमाई असते. मुलांना ध्रुवीय अस्वलापेक्षा दारातली ही ताई लवकर समजते, असं माझं ठाम मत आहे. डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, तो तिच्याचसाठी. फक्त लाल स्केचपेन काम झाल्यावर परत घ्यावं, नाहीतर संध्याकाळपर्यंत भाजीच्या डब्यालाही ठिपका लागलेला असतो.

डब्याची जागा उपदेशापेक्षा महत्त्वाची. निबंधात अख्खी पृथ्वी वाचवणारं मूल बाल्कनीतल्या डब्यापर्यंत सात पावलं चालत नाही. सुक्याचा डबा अभ्यासाच्या टेबलाखालीच हवा, ओल्याचा ओट्यापाशी, झाकण पायाने उघडणारा. बाकरवडीचं आतून चंदेरी असलेलं पाकीट सुक्यातच जातं, पण त्यात प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने रद्दीवाला ते घेत नाही. उपाय एकच, डबा घेऊन सुटी बाकरवडी आणायची. रिकाम्या डब्याचं वजन आधी करून घ्यायला मुलं विसरत नाहीत आणि ते खणखणीत आवाजात सांगतात. आपण तेवढा वेळ दुसऱ्याच गिऱ्हाइकाबरोबर आल्यासारखं उभं राहावं.

आता खत. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली घ्या. बुडाला आठ-दहा भोकं, बाजूंना चार-चार बोटांवर, पेन्सिल जाईल एवढी. खाली ताटली. तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या आणि वाळकी पानं, त्यावर विरजण म्हणून तीन-चार मुठी जुनं खत. मग रोज एक वाटी ओला कचरा पडला की वर दोन वाट्या चुरलेली वाळकी पानं. पानं चुरणं हे पाच वर्षांच्या मुलाचं काम. कलिंगडाची सालं इंचाइंचाची कापावीत, तेलकट भाजी आणि उरलेला रस्सा घालू नये. आठवड्यातून दोनदा ढवळायचं, ते आठ वर्षांच्या मुलाचं. मोठ्याने फक्त 'शी' म्हणायचं नाही, आणि हेच सगळ्यात जड जातं.

बहुतेकांचं खत जुलैत बिघडतं. वाळकी पानं संपतात आणि खाली पडलेली सगळी भिजलेली असतात. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत फुटपाथवरून दोन पोती भरून ठेवली तरच पावसाळा निघतो. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा पोचत नाहीये. ढवळा आणि भोकं मोकळी करा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओलं जास्त आणि पानं कमी. मूठभर घेऊन दाबायचं. पाणी गळलं तर पानं वाढवा, भुगा सुटला तर पाणी शिंपडा, गोळा होऊन एखाददुसरा थेंब आला की जमलं. मुलं ही परीक्षा आवडीने घेतात आणि तोच हात घेऊन सोफ्यावर बसतात.

कधीतरी बादलीत करड्या, जाड अळ्या दिसतात. त्या सैनिक माशीच्या. काही करत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. मुलं त्यांना नावं देतात, आजी नावं ठेवते. वाढ पुरी झाली की या अळ्या कोरडी जागा शोधत बादली चढून बाहेर येतात, आणि बाल्कनीत आबांच्या चपलांइतकी कोरडी जागा दुसरी नसते. झाकणाखाली मच्छरदाणीचं कापड इलॅस्टिकने घट्ट बसवलं की हा प्रवास थांबतो. दोन-अडीच महिन्यांनी मातीचा वास यायला लागला की खत तयार, चाळून घ्यायचं.

दहावीच्या पुढची मुलं यातलं काहीच करत नाहीत. ती हवामानबदलावर बोलतात, 18 वर लावलेल्या एसीत बसून.

पाण्याचं मात्र धाकट्यांना मोजून दाखवावं. शॉवरखाली 15 लिटरची बादली ठेवून घड्याळ लावलं तर साध्या शॉवरने ती दीड-दोन मिनिटांत भरते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला पाच-सहा बादल्या. यानंतर मुलं बाथरूमच्या दाराबाहेर घड्याळ घेऊन उभी राहतात आणि खडकवासल्यात किती पाणी उरलंय ते मोठ्याने वाचतात.

विजेचंही तसंच. 75 वॅटचा जुना पंखा तेरा तास फिरला की एक युनिट, 2000 वॅटचा गिझर मात्र अर्ध्या तासात. हे गणित सांगितलं नाही तर मुलं चार्जरची बटणं बंद करत फिरतात आणि गिझर तापतच राहतो. सांगितलं तर ती थेट गिझर गाठतात. 15 लिटरच्या साठवणीच्या गिझरला त्याने काही होत नाही, पाणी तापलेलंच असतं, खरं तर बंद करूनच आंघोळीला जावं. पण 3 लिटरचा इन्स्टंट असेल तर मिनिटाभरात गार धार येते आणि साबण लावलेल्या आबांचा असा स्वर लागतो की सवाईत मागच्या रांगेपर्यंत पोचावा. बाहेरून शांतपणे उत्तर येतं, "आबा, साबण पडला नसेल तर ते पाणी ओतून देऊ नका, झाडांना चालेल."