बांधी, नहर आणि विमानवाहू नौका

मागच्या आठवड्यात पवनीकडून काकाजींचा फोन आला. गावच्या पारावर वाद पेटला होता, नौदलाला तिसरी विमानवाहू नौका हवी की नको? काकाजींचं मत ठरलेलं. "ते जहाज आमच्या बांधीत येते का गा? तेवढ्या पैशात गोसीखुर्दचे नहर झाले असते." बांधी म्हणजे धानाचं शेत, नहर म्हणजे कालवे. पलीकडच्या पोरांनी त्यांना देशद्रोही ठरवून टाकलं.

मी नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमला राहतो. इथे समुद्र डोक्यापेक्षा उंच आहे, त्यामुळे हा वाद मला चुकीच्या ठिकाणी अडकलेला वाटतो.

आपल्याकडे बांधलेल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेला सुमारे २० हजार कोटी लागले. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा. सुधारित आकडा १८ हजार कोटींच्या पुढे गेला. म्हणजे जवळपास एका जहाजाचा पैसा वैनगंगेच्या नावाने आधीच मांडलेला आहे. विक्रांतचा तळकणा कोचीत २००९ मध्ये बसला आणि २०२२ मध्ये ती नौदलात आली. उशीर तिलाही झाला, खर्च तिचाही फुगला. पण गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ची, आणि नहरांची कामं अजून चालूच. अर्धवट जहाज घेऊन नौदल समुद्रात जात नाही. अर्ध्या नहराचा नारळ मात्र कितीदाही फुटतो. काकाजींचा राग खरा आहे, फक्त तो जहाजावर निघतोय.

आणि जहाज बांधीत येत नाही हेही खरं नाही. रोवणीनंतर धानाला जो पोटॅश टाकतात, तो जवळजवळ सगळा बाहेरून येतो. जॉर्डनचा माल अकाबा बंदरातून निघून तांबड्या समुद्रातून खाली उतरतो. २०२३च्या शेवटी येमेनच्या हूती बंडखोरांनी तिथे जहाजांवर हल्ले सुरू केले, आणि कितीतरी कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता' आणि मार्कोस कमांडोंनी सोमाली चाच्यांच्या ताब्यातलं 'रूएन' हे मालवाहू जहाज सोडवलं, १७ खलाशी सुखरूप, ३५ चाचे शरण. पारावर याची चर्चा झाली असेल तर मला कळवा!

नागपूरकरांना समुद्र तसा परका नव्हता. भोसल्यांकडे १७५१ ते १८०३ ओडिशाचा किनारा होता, बालासोरसारखं बंदर होतं. पण नाव घेण्यासारखं आरमार काही उभं राहिलं नाही.

इकडच्या लोकांनी १९५३च्या पुरात १८३६ माणसं गमावली, मग समुद्र अडवणाऱ्या दाराबंधाऱ्यांचं काम १९९७पर्यंत नेटाने नेलं. पाण्याच्या मंडळाचा कर मला दरवर्षी वेगळा येतो, त्या मंडळाची निवडणूकही वेगळी होते. नौदल छोटं, तरी 'ट्रॉम्प' फ्रिगेट तांबड्या समुद्रात गेली. डोक्यावर नाटोची छत्री आहे म्हणून त्यांना एवढ्यावर भागवता येतं. आपल्याला ती सोय नाही. तरीही माझा कौल तिसऱ्या नौकेआधी पाणबुड्यांना.

हे सगळं काकाजींना सांगितलं. डचांकडेही विमानवाहू नौका होती, १९६८च्या आगीनंतर त्यांनी ती अर्जेंटिनाला विकली, हेही सांगितलं. काकाजी थोडा वेळ गप्प राहिले.

"विकली? मंग त्या पैशाचं काय केलं त्यायनं?"