बोगद्यात काय आहे म्हणे!

"ताई, बोगद्यात आहे काय? अंधार आणि गुडघाभर पाणी. व्हिडिओ टाकतो ना मी ग्रुपवर, निवांत बघा."

असं आमचे टूर लीडर आज दुपारी यरुशलेमात, दाविदाच्या नगराच्या फाटकाबाहेर, टूथपिकने दात कोरत मला म्हणाले. मी अजून जेवायला खाली गेलेले नाही. जाऊन तरी काय, तेच पिवळं वरण आणि तोच फुटलेला पापड. गालीलापासून रोज तेच. "परदेशातही घरच्यासारखं जेवण" असं माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. आमच्या घरी असं वरण झालं तर भांडणं होतात.

यहूदाच्या हिज्कीया राजाचा बोगदा मला शब्बाथ शाळेपासून पाहायचा होता. बाकीच्या पोरी ताऱ्याची, मेंढरांची चित्रं रंगवायच्या आणि मी बाईंना विचारायचे, दोन्हीकडून खणत आले तर मध्ये भेटले कसे? बाई म्हणायच्या, देवाची कृपा. अहो कृपा आहेच, पण 533 मीटर कातळ आहे! अश्शूरचा राजा सन्हेरीब इ.स.पू. 701 मध्ये सैन्य घेऊन येतोय, गिहोनाचा झरा तटाबाहेर, पाणी आत वळवायचं, म्हणून दोन टोळ्या दोन टोकांनी खणत सुटतात. बोगदा वाकडातिकडा जातो आणि तरी त्या टोळ्या समोरासमोर येतात. दोन टोकांच्या उंचीत फरक जेमतेम फूटभर. आमच्या गल्लीतली गटार तीनदा खणली, अजून पाणी उलटं वाहतं. आणि हे म्हणतात, आहे काय.

वेळ गेला कुठे ते सांगते. बेथलेहेममधल्या दुकानात गेला.

सकाळी जन्ममंदिरात रांग होती. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या बुटक्या दारातून वाकून आत जायचं, खाली गुहेत चांदीच्या ताऱ्याला हात लावायचा, त्यासाठी जगभरातून माणसं येतात, थांबायलाच हवं. सासूबाई तासन्‌तास उभ्या राहिल्या, हूं का चूं नाही. बाहेर आल्यावर लीडर म्हणाले, "आता फक्त दहा मिनिटं एका भावाच्या दुकानात." या सहलीत "भाऊ" शब्द आला की मी पर्स घट्ट धरते.

दुकानात शिरलो आणि मागे दार लागलं. आधी चहा. मग "नमस्ते इंडिया, शाहरुख खान". मग जैतुनाच्या लाकडावर व्याख्यान. मग मंडळीसाठी खास सवलत, जी भिंतीवर कायमच्या पाटीवर छापलेली होती. आणि मग आमची माणसं सुटली! लाकडी गव्हाणी, लाकडी उंट, लाकडी शेवटलं भोजन, अभिषेकाचं तेल, यार्देनचं पाणी, पवित्र भूमीची माती, धूप, आणि हेच सगळं क्रुसासकट एकाच पाकिटात. महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी तेलाच्या बाटल्या डझनाने घेतल्या आणि प्रत्येक बाटलीला वेगळी पिशवी मागितली. त्या पोराने दिली. बबल रॅपमध्ये गुंडाळून दिली! कार्डाचं मशीन एकच, त्याला रेंज नाही, ते घेऊन माणूस फुटपाथवर जाऊन उभा राहायचा. एका काकांनी मेंढपाळ घेतला, तो हॉटेलशेजारी स्वस्त मिळत होता असं कुणीतरी म्हणालं, मग परत केला, मग मेंढरू बारीक आहे म्हणून दुसरा घेतला. आमचे लीडर कोपऱ्यात मालकाबरोबर कॉफी पीत होते. कशासाठी पीत होते ते बसमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या कारागिरांवर माझा राग नाही. त्यांचं पोट यात्रेकरूंवर आहे, आणि हात तर असे की बघत राहावं. मीही माझ्या भाच्यासाठी योना आणि मासा घेतला. पण पाच मिनिटांत घेतला. रोख!

मग चेकपोस्ट. मग यरुशलेमचं ट्रॅफिक. मग आपले नेहमीचे दोन जण बसमध्ये नाहीत, कारण त्यांना "जरा जाऊन" यायचं होतं. फाटकाशी पोचलो तर खिडकीतली मुलगी शांतपणे म्हणते, बोगद्यात शेवटचा प्रवेश संपला. तिचं बरोबरच आहे. आत शिरलेल्या माणसाला पलीकडे शिलोहाच्या तळ्याशी निघायला वेळ लागतो, ते लोक आधीच बंद करतात. हे मला माहीत होतं, कारण मी वाचलं होतं, आणि मी लीडरना काल रात्री सांगितलं होतं, आज सकाळी सांगितलं होतं, दुकानात उंटांच्या कळपाआडून ओरडून सांगितलं होतं.

बरं, ज्यांना पाय भिजवायचे नाहीत त्यांच्यासाठी शेजारी कोरडा कनानी बोगदा आहे. म्हणजे गुडघे, बीपी, साडी, कुणाचीच सबब नव्हती. आणि साडीवाल्यांत सर्वांत तयारीत कोण, तर आमच्या सासूबाई. वय वर्षं चौऱ्याहत्तर. साडीखाली माझ्या नवऱ्याची ट्रॅकपँट घालून सकाळपासून फिरत होत्या. जन्ममंदिरातही ट्रॅकपँट. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मग ही मी उगाच घातली का गं?" तिथे माझं डोकं फिरलं.

काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पाळकसाहेब हे वाचतील. पण सारांश असा की मी लीडरना सर्वांसमोर विचारलं, हिज्कीया राजाने सन्हेरीबाचं सैन्य येईपर्यंत बोगदा पुरा केला, तुम्हाला दोन वाजेपर्यंत बस आणता येत नाही? टाळ्या पडतील असं वाटलं होतं. कुणी हललं नाही. सगळे माझ्या कपाळाकडे बघत होते. कारण माझ्या कपाळावर हेडलॅम्प होता. बोगद्यासाठी खास पुण्याहून आणलेला, बसमध्येच बांधून बसले होते, आणि बोलण्याच्या भरात तो चालू झाला होता. म्हणजे मी ज्याच्यावर ओरडत होते त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारून ओरडत होते, पायात रबरी चपला, खांद्यावर टॉवेल. लेकीने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. या सहलीत सर्वाधिक अंगठे त्या फोटोला आहेत. नबो पर्वतालाही एवढे नव्हते.

बसमध्ये चढल्यावर पाळकीणबाईंनी माईक घेतला आणि "आपल्या एका भगिनीच्या अंतःकरणाला शांती लाभो" अशी प्रार्थना केली. नाव नाही घेतलं. सगळी बस आमेन म्हणाली. नवराही म्हणाला! तो कमिटीचा खजिनदार आहे, त्याला कुणाशीच वाईटपणा घ्यायचा नसतो, माझ्याशी सोडून.

नबो पर्वताचं निघालंच आहे तर ते फ्लेक्सचंही सांगते. नगरहून आठ फुटी फ्लेक्स आणलाय, "पवित्र भूमी दर्शन यात्रा", खाली लीडरचा हात जोडलेला फोटो, कोपऱ्यात प्रायोजक ज्वेलर्स. जिथे उतरू तिथे आधी तो उलगडायचा. मोशेला नबोवरून वचनदत्त देश दिसला, मला फ्लेक्सची मागची बाजू दिसली. कफर्णहूमात तर कमाल. पांढऱ्या दगडाचं ते सभास्थान, त्याच्याखाली काळ्या बेसाल्टचा पाया, वरचं चौथ्या-पाचव्या शतकातलं, आणि खाली त्याहून जुनं काही असेल का यावर विद्वान भांडतात. मी लेकीला तो काळा पाया दाखवायला वाकले तर वरून आवाज, "ताई, फ्रेममध्ये येताय." मी फ्रेममध्ये येतेय! तो पाया जिथे होता तिथेच आहे हो, तुमचा फ्लेक्स आला फ्रेममध्ये.

यरीहो आम्ही बसच्या खिडकीतून केलं. कॅथलीन केन्यन या पुरातत्त्ववाल्या बाईंनी 1952 ते 58 तिथे खणलं, दहा हजार वर्षांपूर्वीचा दगडी बुरूज तिथे उभा आहे, आणि आमचा कार्यक्रम: येशूला बघायला जक्कय चढला ते झाड, सेल्फी, खजुराचं दुकान. कुमरानला समोर चौथी गुहा दिसतेय, तिथून जुन्या हस्तलिखितांचे हजारो तुकडे निघाले, आणि आमची मंडळी क्षारसमुद्राच्या चिखलाची क्रीम हाताला चोळून बघतायत. काना गावात, जिथल्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, लग्नाची वचनं नव्याने घ्यायचा कार्यक्रम होता, तिथे तर "हो म्हणा, हो म्हणा, पुढचे या" अशा वेगाने आमचं दुसऱ्यांदा लग्न लागलं. सर्टिफिकेटवर नवऱ्याचं आडनाव चुकलंय, तेव्हा नक्की कुणाशी लागलं देव जाणे.

आणि तो पेत्राचा मासा. डॉलर मोजून, डोक्यासकट, लिंबाच्या फोडीबरोबर. तिलापियाच्या कुळातला. म्हणजे आपली उजनीची चिलापी! भिगवणला हायवेवर यापेक्षा चांगली तळतात आणि वर भाकरी देतात. सासूबाईंनी एक घास खाऊन पर्समधून ठेचा काढला, तेव्हा कुठे सगळ्या टेबलाचं जेवण झालं. तो ठेचा आता संपलाय.

यार्देनचं तर बोलूच नका. आमची मंडळी बाप्तिस्म्याला पाणी शिंपडणारी, पिढ्यान्‌पिढ्या शिंपडणारी. पण पांढरे झगे भाड्याने मिळतात म्हटल्यावर सगळे बुडायला रांगेत. तेही योहान बाप्तिस्मा देत होता ती जागा म्हणतात तिथे नाही, ती खाली यरीहोच्या बाजूला. हे गालील सरोवरातून नदी निघते तिथलं, 1981 साली बांधून काढलेलं, पायऱ्या, कठडे आणि दुकान. हे मी रांगेत मोठ्याने सांगितलं, तर मागच्या काकू म्हणाल्या, "तुम्हाला फार माहिती असते हो." आता काय, माहिती नसावी? एवढे पैसे भरून?

उद्याच्या वेळापत्रकात सकाळी हिऱ्यांचा कारखाना आहे. बायबलात हिऱ्यांचा कारखाना कुठे आहे ते मी आजच्या भक्तीच्या वेळी विचारणार होते, पण माझ्यासाठी आधीच प्रार्थना झालेली असल्याने नवऱ्याने हात दाबला. पुढे मिसर. तिथे पपायरस आणि अत्तरं ठरलेली आहेत. सीनाय पर्वत, 2285 मीटर, रात्री चढायचाय, त्या वर तरी कुणाचा भाऊ दुकान घालून बसलेला नसावा.

आत्ता लेक खालून बातमी घेऊन आली. लीडरनी पुढच्या वर्षीची टूर जाहीर केलीय, तुर्कस्तान, प्रकटीकरणातल्या सात मंडळ्या, इफिस, स्मुर्णा, पर्गम वगैरे. ज्येष्ठांना सवलत. सासूबाईंनी आम्हा चौघांचा ॲडव्हान्स देऊन टाकला. मी तशीच ताडताड खाली गेले. हिज्कीयाच्या बोगद्यातला तो शिलालेख, 1880 मध्ये सापडलेला, ज्यात लिहिलंय की खणणाऱ्यांना कातळापलीकडून एकमेकांची हाक ऐकू आली आणि कुदळीला कुदळ भिडली, तो तुर्कांच्या राज्यात इथून उचलून नेला, आणि आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. म्हटलं, निदान एवढं तरी. लीडरना विचारलं, इस्तंबूलला म्युझियम आहे ना हो कार्यक्रमात?

त्यांनी फोनवर बोट फिरवून पाहिलं. म्हणाले, "नाही ताई, त्या दिवशी लेदर जॅकेटचा फॅशन शो आहे."