साइट सिलेक्शन

भाचा पुण्यात एमबीए करतोय. गेल्या रविवारी सांगलीला आला तोच लॅपटॉप उघडून. प्रोजेक्ट किर्लोस्करवाडीवर. पहिलीच स्लाइड : 'साइट सिलेक्शन – रेल्वे जवळ, जमीन स्वस्त, मजूर उपलब्ध.' म्हटलं, बाळा, हे वाचून ही वाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पोट धरून हसले असते.

सिलेक्शन कसलं! बेळगावात नगरपालिकेनं त्यांच्या नांगराच्या कारखान्याची जागा सोडायला लावली. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ओळखीचे, १९०९ साली नुकतेच गादीवर आलेले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं ३२ एकर माळरान दिलं, वर दहा हजार रुपये कर्जाऊ. १९१० साली तिथं होतं काय, तर निवडुंग आणि साप. बाळासाहेब दोन-चार वर्षं उशिरा गादीवर आले असते, तर आज पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन असतं का, सांगा.

आणि माणूस कसला? चित्रकार व्हायला मुंबईत जे. जे.मध्ये गेला, रंग नीट ओळखता येईनात म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळला. पुढं व्हीजेटीआयमध्ये शिकवत असताना बढती डावलली, तर नोकरीवर लाथ मारून आला. लोखंडी नांगरानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात. हिशेबी माणसानं तेव्हाच दुसरा धंदा धरला असता. वर या गृहस्थानं सरकारनं गुन्हेगार ठरवलेल्यांनाच रखवालीला ठेवलं. हे कुठल्या फ्रेमवर्कात बसवायचं?

तिकडं साताऱ्यात धनजीशा कूपरही नांगरच बनवत होते. पण त्यांना राजाच्या ओळखीची गरज नव्हती, ते स्वतःच राजकारणात. १९३७ साली काँग्रेसनं सगळ्यांत मोठा पक्ष असून सत्ता घ्यायला नकार दिला, तेव्हा एप्रिल ते जुलै मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) हेच कूपर! नांगर एकच, स्वभाव दोन.

साताऱ्याचाच आणखी एक किस्सा. 'प्रिया' स्कूटर आठवते? महाराष्ट्र स्कूटर्स, १९७५. सरकारी महामंडळाचे २७ टक्के, बजाजचे २४. परवाना राजमध्ये सरकारला सोबत घेतल्याशिवाय पान हलत नव्हतं. पुढं २००३ साली महामंडळ वाटा विकायला निघालं आणि भावावरून जुंपली. २००६ साली लवादानं शेअरला १५१ रुपये ६३ पैसे ठरवले, तरी कोर्टबाजी थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन २०१९ साली मिटली. एखाद्यानं मधेच कंटाळून तडजोड केली असती. पण समोर राहुल बजाज. त्याच वर्षी नोव्हेंबरात गृहमंत्र्यांच्या तोंडावर 'लोक टीका करायला घाबरतात' म्हणणारा माणूस तो. तो कुठला दमतोय!

माझा अनुभव लहान आहे. बावीस वर्षं कुपवाडच्या एका फाउंड्रीत खरेदी बघितली. मालकांनी एका जुन्या पार्टीचं कास्टिंग अचानक बंद केलं. खरं कारण, त्या पार्टीच्या मुलीच्या लग्नात मालकांना आहेराला पुढं बोलावलं नाही. मीटिंगच्या वहीत मात्र लिहिलं गेलं, 'प्रॉडक्ट मिक्समध्ये बदल.' ती ओळ लिहिणारा मीच. तेव्हापासून कुठल्याही कंपनीचं 'धोरण' वाचलं की मला पहिल्यांदा तो आहेर आठवतो.

भाच्यानं सगळं ऐकून घेतलं. "मामा, सरांच्या मार्किंगमध्ये स्वभावाला कॉलमच नाही," म्हणाला. स्लाइड तशीच ठेवली. फक्त 'जमीन स्वस्त' खोडून 'जमीन राजानं दिली' एवढं केलं.