कितीचा होईल हो हा?

मोठ्या जातीचं पिल्लू घरी आणलं की त्याचं नाव विचारणारा एखादाच भेटतो. 'कितीचा होईल हो हा?' असं विचारणारे मात्र लिफ्टपासून दवाखान्याच्या बाकापर्यंत सगळीकडे असतात. त्यांना आपल्या उत्तराची गरजही नसते. ते स्वतःच पिल्लाचा पंजा उचलतात, उलटासुलटा करून बघतात आणि 'साठ किलो कुठे गेले नाहीत' असं जाहीर करतात. पंजा बघून वजन सांगणारे आणि तळहात बघून परदेशयोग सांगणारे यांच्यात मी फरक करत नाही. चार महिन्यांच्या लॅब्राडॉरचे पंजे अंगापेक्षा मोठे दिसतातच, आणि पुढे नर भरतो २९ ते ३६ किलो, मादी २५ ते ३२. साठच हवे असतील तर ग्रेट डेन आणा आणि लिफ्टमधल्या बाकीच्यांना जिना दाखवा.

पुढचं वजन सांगायचं तर आधी आजचं हवं. दोन महिन्यांचं लॅब साडेपाच किलोच्या आसपास असतं आणि स्वयंपाकघरातले बरेच डिजिटल काटे पाच किलोलाच हात टेकतात. उरतो न्हाणीघरातला वजनकाटा. कृती सोपी सांगतात: आधी एकट्याने उभं राहायचं, मग पिल्लाला घेऊन उभं राहायचं, वजाबाकी करायची. ही कृती सांगणाऱ्याने आयुष्यात पिल्लू उचललेलं नसावं. ते छातीशी धरलं की काट्यावरचा आकडा त्याच्या पोटाआड जातो. वाकून बघावं तर तोल जातो, पिल्लू आपलं नाक चाटतं, शेपूट गरगर फिरते आणि वजन स्थिर होण्याची वाट बघून कंटाळलेला काटा बंद पडतो. म्हणजे आकडा वाचायला दुसरं माणूस हवं. आणि त्या माणसाला पिल्लाच्या आधी आपलं वजन कळतं. बऱ्याच घरांतल्या नोंदवह्या दुसऱ्या आठवड्यात बंद का पडतात, याचं कारण मला तरी हेच दिसतं.

तरी मोजायचंच असेल तर काटा उघड्या फरशीवर ठेवा, पायपुसण्यावर नाही. दोन्ही वेळा कपडे तेच, खिशातला मोबाइल बाहेर. तीनदा मोजून मधला आकडा घ्या. वेळ सकाळची, शी-शू झाल्यावर आणि खाण्याआधी. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात लॅब आठवड्याला साधारण एक किलो वाढतं, आणि अर्धा लिटर पाणी पिऊन आलं की अर्धा किलो वाढ पाच मिनिटांत दिसते. त्यामुळे रोज मोजण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांपर्यंत आठवड्यातून एकदा, पुढे महिन्यातून दोनदा पुरे. वीस-पंचवीस किलोनंतर उचलायचा हट्ट सोडा. दवाखान्यात जमिनीलगतचा मोठा काटा असतो. त्यावर कुत्रा एकटाच उभा राहतो आणि आपली अब्रू झाकलेली राहते.

आता गणित. सगळ्यांचं लाडकं सूत्र असं: आजचं वजन भागिले वयाचे आठवडे, गुणिले ५२. एका सरळमार्गी लॅबला हे लावून बघू. ८ आठवड्यांना साडेपाच किलो, म्हणजे उत्तर ३६. घर खूश. १६ आठवड्यांना १३ किलो, उत्तर ४२. २६ आठवड्यांना २२ किलो, उत्तर ४४! मोठा पट्टा, मोठा पिंजरा, मोठ्या गाडीची चर्चा. आणि ५२ आठवड्यांना ३१ किलो, उत्तर ३१. पहिल्या वाढदिवशी सूत्र अचूक ठरतं, कारण त्या दिवशी ते काट्यावरचाच आकडा आपल्याला वाचून दाखवतं. घोळ साधा आहे. दर आठवड्याला सारखीच भर पडते असं हे सूत्र धरून चालतं. पिल्लू मात्र पाच-सहा महिने धावतं आणि मग चालायला लागतं. ग्रेट डेनच्या बाबतीत गंमत उलटी: तो दीड-दोन वर्षांपर्यंत भरत राहतो, त्यामुळे वर्षाला सूत्र कमीच सांगतं.

त्यापेक्षा पाचव्या महिन्याच्या सुमाराचं वजन दुप्पट करा. लॅबसाठी ते दोन-तीन किलोंच्या फरकाने जुळून येतं. आईबापांची वजनं मिळाली तर आणखी उत्तम. अडचण एवढीच की आई समोर दिसते आणि बापाचा फक्त व्हॉट्सअॅपवरचा फोटो मिळतो, तोही जमिनीवर पालथं पडून काढलेला.

२०१७ मध्ये वॉल्थम या पाळीव प्राण्यांवरच्या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पिल्लांच्या वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. नर-मादी वेगळे, आकारानुसार वेगळे, ४० किलोंपर्यंतच्या कुत्र्यांसाठी. डेनवाले तिथेही लिफ्टबाहेरच. तक्ता निवडायला पिल्लू मोठेपणी कितीचं होईल हे आधी माहीत असावं लागतं, म्हणजे पुन्हा पंजावाल्या काकांकडे जाणं आलं. पण तक्ता कामाचा आहे. त्यात वाढीच्या रेषा असतात, पिल्लाने त्यातली आपली रेषा धरून वर जावं. दोन रेषा ओलांडून ते वर उडालं किंवा खाली घसरलं तर डॉक्टरांना दाखवा.

वर उडालं की आपल्याकडे पेढे वाटायचेच बाकी राहतात. मोठ्या जातीत हीच वाढ खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांना महाग पडते. ४८ लॅब्राडॉरांच्या एका दीर्घ अभ्यासात जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. कमी खाणाऱ्यांना बाकीच्यांपेक्षा सरासरी पावणेदोन वर्षांहून थोडं जास्तच आयुष्य मिळालं. म्हणून दर आठवड्याला बरगड्या चाचपा. बोटं सरळ ठेवून हाताच्या पाठीवर फिरवल्यावर हाडं लागतात तशा लागल्या तर ठीक. मुठीच्या टोकांसारख्या टोचल्या तर रोड. शोधाव्या लागल्या तर खाणं कमी करा. गच्च फुगलेलं पोट आणि वर दिसणारी बरगडी असं दोन्ही असेल तर बाळसं समजू नका, जंत असू शकतात.

कॅल्शियमची बाटली तेवढी कपाटात राहू द्या. 'कान उभे राहायला' म्हणून ती जर्मन शेफर्डच्या घरोघरी ओतली जाते. पण साधारण सहा महिन्यांखालच्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम पुरतं अडवता येत नाही, ते आत जातं आणि हाडांची घडण बिघडवतं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं पूर्ण खाद्य देत असाल तर त्यात पुरेसं कॅल्शियम असतं.

भाकीत उपयोगी पडतं ते खाद्याच्या पाकिटामागचा तक्ता वाचताना. तो आजचं वय आणि मोठेपणीचं अपेक्षित वजन विचारून ग्रॅम सांगतो. इथे स्वयंपाकघरातला काटा पुन्हा कामाला येतो: वाटीने नाही, ग्रॅमनेच मोजा. वरून पडणारी पोळी आणि चहातलं बिस्किटही त्यातूनच वजा करायचं असतं. आजींना विचारलं तर पोळी 'एवढीशीच' दिलेली असते. ती एवढीशी एकदा काट्यावर ठेवून बघा, तुपासकट.