गच्ची नक्की कोणाची?

माझी सांगलीची वहिनी हल्ली फोनवर तब्येत विचारत नाही. "तुमचं लाइटबिल किती आलं गं?" एवढंच विचारते. तिच्या बंगलीवर तीन किलोवॅटचं सोलर बसलंय. ७८ हजारांची सबसिडी खात्यात जमा झाली आणि बिलात आता स्थिर आकाराशिवाय फारसं काही नसतं. मी आपली ऐकून घेते. आम्ही मुलुंडला सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर वरच्या काकूंचं स्वयंपाकघर आहे, तिथे कुठे पॅनल लावू?

छपरावर सोलर बसवायला सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, एक कोटी घरांसाठी. योजना चांगली आहे. पण ती आखणाऱ्यांच्या डोळ्यापुढे वहिनीची बंगली होती, आमची बिल्डिंग नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःचं छप्पर असेल तर पहिल्या दोन किलोवॅटना तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा. सोसायटीला मात्र किलोवॅटमागे सरसकट अठराच, आणि तेही लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

आता हिशोब बघा. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. आमचे अठ्ठावीस फ्लॅट. प्रत्येकाने वहिनीसारखे तीन किलोवॅट मागितले तर आठ हजार चारशे फूट गच्ची हवी. आमची आहे जेमतेम तीन हजार. त्यातून पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि कुणाकुणाच्या डिश वजा करा. म्हणून मी गेली तीन वर्षं कमिटीत एकच धोशा लावला होता, की आपापल्या घराचं सोलर विसरा, आधी सोसायटीचा मीटर बघा.

पहिल्या सर्वसाधारण सभेत ठराव आपटला. पैशामुळे नाही हं. दहा किलोवॅटचं कोटेशन होतं पाच लाख नव्वद हजार, सबसिडी एक लाख ऐंशी, म्हणजे फ्लॅटमागे साडेचौदा हजारांच्या आसपास. सामाईक बिल महिन्याला तेरा हजारांच्या घरात जात होतं. पाढे सगळ्यांना येतात. अडलं ते गच्चीवर. सातव्या मजल्यावरचे काका म्हणाले, "खांब ठोकायला कोब्याला भोकं पाडाल, मग माझ्या बेडरूमला गळती लागली तर कोण भरणार?" एका ताईंना उन्हाळ्यात वाळवणाला जागा हवी होती. आणि तळमजल्यावरचे एक सभासद, जे लिफ्टच वापरत नाहीत, ते म्हणाले, "गच्चीवर मी वर्षातून एकदा जातो, कोजागिरीला. मी का भरू?"

गळतीची भीती मात्र खरी होती. मुंबईत वॉटरप्रूफिंग हा विषय चेष्टेचा नाही. शेवटी भोकं न पाडता काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर सांगाडा उभारायचं ठरलं, आणि तो इतका उंच, की खालून माणूस वाकून का होईना जाईल आणि टाकी साफ करणाराही अडणार नाही. काकांनी त्याच अटीवर सही केली. दुसऱ्या वर्षी ठराव पास.

आता दीड वर्ष झालं. मार्च-एप्रिलमध्ये तयार झालेली वीज वापरून उरते, ती नेट मीटरमधून (आलेली-गेलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर) ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात जाते. जुलैत ढग दाटले की मीटरकडे बघवत नाही. वर्षाचा मेळ बसतो, महिन्याचा बसेलच असं नाही. हे विक्रेत्याने सांगायला हवं होतं, त्याने फक्त एप्रिलचा आकडा दाखवला. कबुतरांबद्दलही तो काही बोलला नाही. शिवाय आजूबाजूला सतत बांधकाम, पॅनलवर सिमेंटच्या धुळीचा थर. आमचे वॉचमनदादा आठवड्याला सकाळी लवकर पाणी मारतात, त्याचे वेगळे पैसे देतो.

आणखी एक गैरसमज, की सोलर असलं म्हणजे लाइट जातच नाहीत. खरं तर लाइट गेले की आमचं सोलरही बंद. १२ ऑक्टोबर २०२० ला अर्धीअधिक मुंबई बसली होती, तशी पुन्हा बसली तर भर दुपारी आमची लिफ्टही अडकेल. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) मुद्दाम तसा बनवलेला असतो, नाहीतर लाइन बंद समजून काम करणाऱ्या लाइनमनला आमच्या विजेचा झटका बसेल. बॅटरी लावली तर चालतं, पण मग पैशाचा मेळ बिघडतो.

एवढं सगळं जमलं, आणि आता पश्चिमेची चार मजली बिल्डिंग पाडली आहे. तिथे बावीस मजले येणार आहेत. म्हणजे दुपारी तीननंतर आमच्या गच्चीवर सावली. पॅनल साखळीने जोडलेली असतात, त्यातल्या एक-दोनवर सावली पडली तरी ओळीतल्या बाकीच्यांची वीज घटू शकते. पैसे आमचे, गच्ची आमची, ऊन मात्र शेजाऱ्याच्या आर्किटेक्टच्या हातात! त्यावर कुठे दाद मागायची?

आमच्याकडेही रिडेव्हलपमेंटची कुजबुज सुरू झालीच आहे. तळमजल्यावरचे तेच सभासद परवा जिन्यात म्हणाले, "बघा, साडेचौदा हजार पाण्यात." मी म्हटलं, पॅनल पंचवीस वर्षं चालतात, सांगाडा नटबोल्टचा आहे, उचलून नव्या गच्चीवर नेऊ. पण नव्या गच्चीचा हक्क बिल्डर आपल्याकडेच ठेवू बघतो, हेही ऐकून आहे. तर प्रश्न विचारते: तुमच्यापैकी कुणाच्या सोसायटीने रिडेव्हलपमेंटच्या करारात गच्ची आणि सोलर सभासदांचंच राहील असं कलम घालून घेतलं आहे का? असेल तर त्याचा मसुदा मला इनबॉक्स करा. आमची सभा पुढच्या महिन्यात आहे.